एक्केचाळीस नंबरची सुई

रविवार, २८ जुलै १९५७

ही वही मी ठाण्याच्या छापखान्यात बायंडिंगला होतो तेव्हाची. उरलेल्या कागदांची मीच शिवलेली. तिथलं काम सोडलं आणि वही ट्रंकेत घालून इकडे आलो. दोन वर्षं झाली, एक अक्षर लिहिलं नाही. आज दुपारपासून पाऊस धरलाय, बाहेर जाता येत नाही, म्हणून काढली. चौथीपर्यंतचं शिक्षण गंजून जायला नको.

मी विश्राम. गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. राहतो विठ्ठलवाडीच्या पुढे वालधुनीच्या अंगाला, धाकूमामाकडे. खोली कारखान्याची आहे. कारखान्यात गारगोटी दळतात. मोठा लोखंडी डरम, त्यात दगड घालून गरगर फिरवतात, खाली मैद्यासारखं पीठ पडतं. कपबशा करणारे ते घेऊन जातात. मामा डरमवर अकरा वर्षं. मी गोण्या भरतो. पाळी सुटली की भुवयांपर्यंत सगळे पांढरे. मामी रोज म्हणते, "आले माझे दोन म्हातारे."

मामाला दमा आहे. नळावरून बादली आणताना दोनदा खाली ठेवतो. झोपतो तोही भिंतीला टेकून, बसल्या बसल्या. कारखान्यात मात्र खोकला आला की गोण्यांच्या मागे जाऊन खोकतो.

सकाळी चाळीपुढे हुतूतू झाला. मी गावात पहिल्या नंबरचा दमवाला. आज पलीकडच्या अंगणात पाय टाकतोय तोच दम सुटला. तिघांनी धरून लोळवला. कारखान्यातला भिवा म्हणतो, "काय रे, लग्नाआधीच म्हातारा झालास?" चिखल फार होता. चिखलात पाय ओढायचा म्हटल्यावर दम कुठला पुरतो? विड्या कमी केल्या पाहिजेत.

इथे फार दिवस झाले. पाय शिवशिवतात.

बुधवार, ३१ जुलै

गेटवर नोटीस लागली. वाचता येणारे आम्ही तिघं, त्यातला मोठा आवाज माझा. म्हणून मुकादम अण्णांनी मला स्टुलावर चढवलं. मजकूर असा: मुंबईत जो नवा फ्लूचा ताप येऊन गेला तो परत येण्याचा संभव आहे. त्यावर लस निघाली आहे. कारखान्याला तीसच सुया मिळतील. माणसं नव्वद. तेव्हा ज्यांची छाती आधीच खराब आहे त्यांना सुई पहिली. कोणाची खराब ते ठरवायला कल्याणच्या डॉक्टरीणबाई कर्णिक शनिवारी आणि सोमवारी येतील.

खाली उतरलो तोच भिवा म्हणाला, "लस अंड्यात वाढवतात म्हणं. मग टोचता कशाला, तळून द्या की!" हसले, पण हसणं काही खरं नव्हतं.

कारण गेल्या माघात असाच एक डॉक्टर आलेला. त्यानं सात जणांच्या नावापुढे तांबडी खूण केली. सातांना 'विश्रांती घ्या' म्हणून घरी पाठवलं. त्यांची विश्रांती अजून चालू आहे. खोल्याही गेल्या.

घरी आल्यावर मामा म्हणाला, "सुई बिई काय नाय रं. यादी पायजे त्यांना. कोण खोकतो त्याची यादी."

मी म्हटलं, "आणि खरंच ताप आला तर?"

"ताप आला तर आठ दिसांनी जातो. नोकरी गेली की जातेच."

शनिवार, ३ ऑगस्ट

आज एक काम फत्ते केलं. निदान आत्ता तरी तसं वाटतंय.

आमच्याकडे बदलीची पद्धत आहे. एखाद्याला बरं नसलं की दुसरा त्याचा बिल्ला लावून पाळी भरतो. अण्णा बघूनही बघत नाहीत. त्यांना माणसं मोजून भरली म्हणजे झालं. हजेरी बिल्ल्याची लागते, तोंडाची नाही. मामाचा बिल्ला एक्केचाळीस. काल मामाच म्हणाला, "विश्राम, माजा बिल्ला घे नि तुजी छाती दाखव. एकदा कागदावर चांगली छाती लागली की मी सुटलो."

माझा स्वतःचा नंबर सोमवारी आहे. मी जाणार नाही. मला काय धाड भरलीय!

गोदामात टेबल मांडलं होतं. मी मुद्दाम गोण्या भरूनच गेलो, पीठ पुसलं नाही. केस पांढरे, मिशा पांढऱ्या. डॉक्टरीणबाई तिशीतल्या असतील, नऊवारी नाही, पाचवारी, आणि पायात बूट. भिवा रांगेतून कुजबुजला, "बाईमाणसापुढे शर्ट काढायचा? माझी बायको सोडून कुणी बघितली नाय छाती!" बाईंनी ऐकलं. वर न बघता म्हणाल्या, "तुमच्या बायकोनं नीट बघितली असती तर मला यावं लागलं नसतं. या पुढे."

माझी पाळी आली.

"नाव?"

"धाकू सखाराम."

"वय?"

"चाळीस."

त्यांनी वर बघितलं. "चाळीस? वाटत नाही."

मी पाठ थोडी वाकवली. त्यांनी नळी लावली. श्वास घ्या. सोडा. पुन्हा. मग पाठीवर बोटं वाजवली, कुंभाराकडे मडकं पक्कं आहे का बघतात तशी. वर, खाली, परत वर. वयाचं पुढे काही विचारलंच नाही.

मामाला सांगितलं, झालं काम. मामानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि त्याला खोकला आला.

मंगळवार, ६ ऑगस्ट

यादी लागली. एकोणतीस नंबर. मी वाचत गेलो, आणि मध्येच एक्केचाळीस. तो मी दोनदा वाचला.

मामा एवढा चिडलेला मी कधी बघितला नाही. "तुला धडधाकट म्हणून पाठवला, नि तू काय करून आलास? खोकलास काय तिथं?"

"आईशप्पथ नाही खोकलो."

"मग?"

मग काय, मलाही कळेना. विचार केला तेव्हा ध्यानात आलं. गोदामाला लागूनच डरम आहे. तो चालू होता, जमीन हादरत होती. बाईंना नळीतून डरमच ऐकू आला असणार. शिकलेली माणसंही चुकतात. हे मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "मग सगळ्यांच्याच छातीत का नाय ऐकू आला?"

गुरुवार, ८ ऑगस्ट

अण्णांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "यादीतला जो रविवारी सुईला येणार नाही त्याला सोमवारी गेटच्या आत घेणार नाही. शेठचा हुकूम आहे. नोकरीवरून कुणाला काढणार नाहीत, हेही शेठच म्हणालेत."

"लिहून देतील?" भिवानं विचारलं. भिवाही यादीत आहे.

"तुला वाचता येतं का रे लिहून दिलं तर?"

मामीला यादीचं कळलं. ती म्हणते, "फुकट देतायत तर घ्या की. रातभर लोहाराचा भाता चाललेला असतो तुमचा." मामानं तिला हो म्हटलं. मग मला बाहेर नेऊन म्हणाला, "त्यांच्या वहीत मी अंगठा उठवला की माझ्या हातानं कबूल केलं, माजी छाती गेली. आणि दम्याच्या माणसाला सुई सोसत नाय. आमच्या गावचा एक टोचल्यावर तिसऱ्या दिवशी मेला. परत तूच जा. छाती तुजीच बघितलीय, सुई पण तूच घे."

मी नाही म्हणायला हवं होतं का? पण यादीत त्याला घातला तो माझ्यामुळे.

रविवार, ११ ऑगस्ट

मामीनं दोघांना भाकरी बांधून दिली आणि मामाला म्हणाली, "डोळे मिटून घ्या, कळत पण नाही." मामा गोदामामागे बाभळीखाली जाऊन बसला. मी रांगेत.

बाईंनी बिल्ला बघितला, तोंड बघितलं. ओळखलं. "एक्केचाळीस. या. तुमच्याकडे माझं लक्ष आहे." हे का म्हणाल्या कोण जाणे. सुई टोचली, कापसानं दाबलं. "हे बघा, ही घेतली म्हणजे ताप येणारच नाही असं मी म्हणणार नाही. पण आला तर तुमच्यासारख्याला झुंजायला बळ राहील. आणखी एक, तोंडाला फडकं बांधत जा. ओलं."

वहीत अंगठा उठवला. सही येत असून अंगठा उठवताना कसंसंच झालं.

मामा बाभळीखाली माझी वाट बघत होता. भाकरी तशीच. "दुखली काय रं?"

"मुंगी चावल्यागत."

"हात्तिच्या," म्हणाला आणि हसला. माझी भाकरीपण मलाच खायला लावली.

सोमवार, १२ ऑगस्ट

दंड ठणकतोय. अंग थोडं कोमट. मामी मामाच्या दंडाला शेक द्यायला निघाली तर तो म्हणतो, "मला काय झालं नाय." तिला वाटतं, केवढा सोशीक.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

यादीतल्या एकालाही काढलं नाही. मामा आज जेवताना मध्येच म्हणाला, "खरंच सुईच द्यायची होती रं त्यांना." मी मान खाली घालून जेवलो. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "अजून असतील काय त्यांच्याकडे?" मी म्हटलं, एक उरलेली असेल. तीस आल्या होत्या, यादीत एकोणतीस. "मग तू जाऊन इचार की." पण विचारायचं म्हणजे सांगायला लागणार, एक्केचाळीस कोणी घेतली. "बघू," म्हटलं. मामा पण म्हणाला, "बघू."

विठ्ठलवाडीत घरटी एक आजारी आहे. शाळा बंद केली.

सोमवार, २ सप्टेंबर

गणपतीला गावी जायला रजा मिळाली नाही. चाळीत पाचही दिवस भजनाला गर्दी, अर्धे लोक खोकणारे. आज मामा पाळीवरून आला तो भिंतीला धरून. अंग भाजतंय. मामी म्हणते, "सुई घेतलीय, दोन दिवसांत उतरेल." माझ्याकडे बघून म्हणते, "नाही का रे?"

मी हो म्हटलं.

गुरुवार, ५ सप्टेंबर

मलाही परवा ताप आलेला. एक दिवस अंग मोडून आलं, काल उतरला. मामाचा चढतोच आहे. ओठ जांभळे दिसतात. बोलायला लागला की प्रत्येक शब्दानंतर थांबतो. मामी पाणी आणायला गेली तेव्हा माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "हिला... सांगू... नको."

मी कल्याणला जाऊन बाईंना घेऊन यायला हवं. पण त्या आल्या तर बघतील की हा तो एक्केचाळीस नाहीच. इथल्या वैद्याची पुडी आणली. उद्या बघतो.

शनिवार, ७ सप्टेंबर

काल जायला हवं होतं. गेलो नाही. आज सकाळी मामा गेला.

बुधवार, ११ सप्टेंबर

सगळ्या कारखान्यात एकच बोलणं. धाकूला सुईनं मारला. सुई घेतलेले बाकीचे अठ्ठावीस हिंडतायत, त्यातल्या तिघांना ताप येऊन गेला आणि उठले. ते कुणाला दिसत नाही. धाकू दिसतो. भिवाचा दंड बघायला माणसं येतात, त्याला विचारतात, काय होतंय का. भिवा म्हणतो, "रोज सकाळी उठून आधी बघतो, मी आहे का!" पण त्याच्या डोळ्यात भीती आहे.

अण्णा येऊन गेले. मामीला म्हणाले, "वहिनी, खोलीची काळजी करू नका. शेठ म्हणाले, आपल्या सुईनं माणूस गेला असं लोक बोलतात, तेव्हा बाईला हात लावू नका. दिवाळीनंतरही राहा." जाताना मला बाजूला घेतलं. "बिल्ल्याचं मला ठाऊक आहे. तू बोलू नको, मीही बोलत नाही. सगळ्यांचं भलं त्यात आहे."

सगळ्यांचं म्हणजे कुणाकुणाचं, ते नाही सांगितलं.

सोमवार, १६ सप्टेंबर

दुसरी नोटीस. अजून तीस सुया येतायत, येत्या रविवारी. ज्यांना आधी मिळाल्या नाहीत त्यांच्यातल्या खोकणाऱ्यांना. मी वाचून संपवायच्या आत कुणीतरी कागद ओढून फाडला. "अजून तीस मारायचेत काय?" एकही जाणार नाही म्हणतात. चाळणीवरचा म्हातारा तुकनाक आज गोण्यांच्या मागे खोकत होता, मामाच्याच जागी. त्याला म्हटलं, काका, सुई घ्या. तो म्हणाला, "तुज्या मामाकडे बघून पण तू असं बोलतोस?"

हा जर मेला तर मला कुणी काही बोलणार नाही. ते कसं सोसवेल ते कळत नाही.

बुधवार, १८ सप्टेंबर

पाळी बुडवून कल्याणला गेलो. दवाखान्याचा जिना चढताना मध्ये थांबायला लागलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

बाईंच्या टेबलावर कारखान्याची वही उघडीच होती. एक्केचाळीसपुढे लिहिलेलं, 'लस दिली. मृत्यू.' मी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "हे चुकीचं आहे. टोचून मीच घेतली."

सगळं सांगितलं. वाटलं, ओरडतील, पोलिसात देतील. त्या ऐकत राहिल्या. मग अगदी हळू विचारलं, "म्हणजे त्या शनिवारी मी जी छाती तपासली, ती तुझी?"

"हो."

"वय किती तुझं? खरं."

"बावीस."

त्यांनी वहीतलं खोडलंही नाही. उठून नळी घेतली, मला शर्ट काढायला लावला आणि पुन्हा सगळं केलं, श्वास घ्या, सोडा, मडक्यासारखं वाजवून. त्यांचा हात गार होता. विचारलं, "गोणीवर किती वर्षं?" "दोन." "घरी कोण?" "आई." "शेती?" "थोडी वरकस, डोंगरउताराची."

खिडकीकडे बघत म्हणाल्या, "उद्यापासून गोणीवर जायचं नाही. अण्णांना मी चिठ्ठी देते."

एवढं खरं बोलल्यावर पदरात हेच पडायचं होतं. शिक्षा करायची तर मोकळेपणी करावी. मी म्हटलं, "बाई, दुसरं काहीही करा, कामावरून काढू नका." त्यांच्या डोळ्यात पाणी आल्यासारखं वाटलं, पण बाईंना कसलं यायचं. आणखी एक चिठ्ठी दिली. मुंबईला मोठ्या इस्पितळात जाऊन छातीचा फोटो काढायचा आहे. ती खिशात घातली. आधी रविवारचं निस्तरू दे.

शेवटी म्हणाल्या, "वहीत मी दुरुस्त करीन. पण माणसं माझ्या वहीवर विश्वास ठेवणार नाहीत. त्यांना तू सांगायला हवंस."

शुक्रवार, २० सप्टेंबर

माणसांना सांगायच्या आधी मामीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मी बोलत असताना हात थांबला नाही. संपल्यावर म्हणाली, "म्हणजे बाभळीखाली बसले होते?"

"हो."

"भाकरी खाल्ली?"

"नाही."

तिनं दोन खडे वेचून टाकले. मग म्हणाली, "त्यांची सुई तुझ्या अंगात आहे."

मी म्हटलं, "मामी, हे बाहेर सांगितलं तर खोली जाईल. तू म्हणालीस तर नाही सांगत."

तिनं सूप खाली ठेवलं. "खोली राहावी म्हणून त्या तुकनाकला जाऊ देऊ होय रे? बायको आहे त्याला."

रविवार, २२ सप्टेंबर

गेटवर माणसं होती, रांगेत एकही नाही. बाई टेबलाशी एकट्या. मी स्टुलावर चढलो, तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. दोन वाक्यं बोललो तर धाप लागली. मागून कुणी ओरडलं, "बाईनं पढवून पाठवलाय रे!"

तेव्हा मामी पुढे आली. पांढरं कपाळ. सगळे बाजूला झाले. तिनं माझ्या शर्टाची बाही खांद्यापर्यंत सारली आणि दंड धरून वर केला.

"माझ्या माणसाला सुई टोचलीच नाही. घाबरून लपून बसले होते. टोचली ती याला. ताप दोघांनाही आला. हा जिता आहे, बघून घ्या. आणि ते कुठं आहेत ते तुम्हीच खांद्यावरून पोचवून आलात."

अण्णा जमिनीकडे बघत होते. भिवा म्हणाला, "धाकूदादा... लपून?" आणि रडायलाच लागला. मग तुकनाक निघाला. काठी टेकत टेबलापर्यंत गेला, शर्ट काढला, आणि बाईंना म्हणाला, "डावा हात चालंल काय?"

अकरा जण झाले. तिसातले अकरा. बाई म्हणाल्या, अकरा पुष्कळ झाले.

संध्याकाळी अण्णांनी निरोप दिला, महिनाअखेरीला खोली रिकामी करा.

शनिवार, २८ सप्टेंबर

मामी गावी निघाली. कल्याणहून दुपारची एसटी. मी पोचवायला गेलो. आता कारखाना नाही, मला वेळच वेळ आहे. मुंबईचा फोटो उद्या-परवा काढून येईन म्हणतो. मग कुठे जायचं ते बघू. बावीस म्हणजे काही वय नाही, दहा कामं करून बघता येतील.

सामान एक ट्रंक आणि वळकटी. वळकटी तिनं काखेत धरली, ट्रंक माझ्या डोक्यावर. सपाट रस्ता, वाळूनं भरलेली असावी तशी ट्रंक जड. वालधुनीच्या पुलाशी खाली ठेवली. पुढे वळणावर ठेवली. आंब्याखाली तिसऱ्यांदा ठेवली तेव्हा डोळ्यांपुढे काजवे आले आणि मी ट्रंकेवरच बसलो.

मामी थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मामा नळावरून बादली आणायचा तेव्हा त्याच्याकडे ती अशीच बघायची. मी म्हटलं, "पितळेची भांडी कशाला घेतलीस एवढी?"

ती म्हणाली, "भांडी मी विकली की रे परवाच."

मग वळकटी माझ्या हातात दिली, ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि पुढे चालायला लागली. सावकाश, माझं पाऊल बघून. स्टँड येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. अजून राग गेला नाही तिचा माझ्यावरचा.